कलम लागलं, पुढं काय?

सिकलसेलच्या कार्डांवर आम्ही रेडिओवरून बोललो, त्यानंतर गटागटांतून एकच प्रश्न फिरून फिरून आमच्याकडे आला. "बोनमॅरो बदलला की आजार मुळापासून जाते म्हणतात, मंग त्याच्यापुढं काय?" रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल यांतलं काही ना काही आपल्या वऱ्हाडात कुठल्या ना कुठल्या घरात असतंच. सिकलसेल आपल्या भागात आहे, हे नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 सालीच लिहून ठेवलं होतं. म्हणून या वेळी आम्ही 'पुढं काय' याचाच इतिहास सांगायचं ठरवलं. इतिहास म्हटलं की राजेरजवाडे डोळ्यांपुढे येतात. हा इतिहास मात्र मज्जेचा आहे आणि त्यात बायकांची कामं बरीच आहेत.

सुरुवात एका दागिन्यापासून करू. दागिना गहाण ठेवणं म्हणजे काय, हे गटातल्या बाईला सांगायची गरज नाही. मेहेरबाई टाटा यांच्याकडे 245 कॅरेटचा एक हिरा होता. 1924 साली टाटांचा लोखंडाचा कारखाना बुडायला आला, तेव्हा दोराबजी टाटांनी आपली सगळी मिळकत बँकेकडे तारण ठेवली आणि तिच्यात बायकोचा हा हिराही गेला. कारखाना तरला. या मेहेरबाई नुसत्या श्रीमंताच्या पत्नी नव्हत्या. मुलींच्या लग्नाचं वय वाढवणारा 1929 चा सारडा कायदा व्हावा म्हणून खटपट करणाऱ्यांत त्या होत्या. 1931 साली रक्ताच्या कर्करोगानं त्या गेल्या. त्या काळी या आजारावर जगात कुठंच औषध नव्हतं, पैसा असो की नसो. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी ट्रस्ट निघाला. दोराबजीही 1932 मध्ये गेले. तो हिरा पुढं विकला गेला आणि त्याचे पैसे त्यांच्या ट्रस्टमध्ये आले. त्याच ट्रस्टनं मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय बांधलं आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी ते सुरू झालं. आज ते अणुऊर्जा विभागाकडे आहे, म्हणजे सरकारी आहे. आपल्याकडे "टाटाला नेलं" म्हणतात ते हेच.

आता मज्जेकडे येऊ. हाडाच्या पोकळीत जो मऊ गर असतो तिथं रक्त तयार होतं. ज्या बीजपेशींपासून ते तयार होतं त्यांना मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल म्हणतात. तिथलं बीच नासलं तर वरून कितीही रक्त चढवा, ते पुरत नाही. मग दुसऱ्याचं चांगलं बी आणून पेरायचं. ऐकायला सोपं वाटतं. अमेरिकेत डॉक्टर डॉनल थॉमस यांनी 1956 च्या सुमारास हे जुळ्या भावंडांत करून पाहिलं. 1957 साली त्यांनी सहा रोग्यांची हकीकत छापली, त्यातलं कुणीही शंभर दिवसांच्या वर जगलं नव्हतं. 1958 मध्ये युगोस्लाव्हियात अणुभट्टीत अपघात झाला. किरणोत्सर्गानं भाजलेल्या लोकांना पॅरिसला आणून जॉर्ज माते या डॉक्टरांनी पाच जणांना परक्या माणसांची मज्जा दिली. देणारे साधे फ्रेंच लोक होते, स्वतःहून पुढं आलेले, त्यात एक बाईही होती. पाचांतले चार वाचले. पण बाकी ठिकाणी एकामागून एक रोगी जात राहिले आणि कित्येक डॉक्टरांनी हा नाद सोडून दिला.

का जात होते, हे आपल्या भागातल्या बाईला संत्र्याच्या बागेतून चटकन समजेल. तिवसा, मोर्शी, वरूड या पट्ट्यात कलम काय असतं हे कुणी शिकवत नाही. जंबेरीचा खुंट असतो, त्याला संत्र्याचा डोळा भरतात. खुंटाला खालून फुटवे फुटले आणि ते वेळेवर काढले नाहीत, तर खुंट जोर करतो आणि कलम दबून मरतं. माणसातही असं होतं. शरीर नवी मज्जा नाकारतं. पण माणसात याच्या उलटही होतं, आणि बागेत ते तुम्ही कधी पाहिलं नसेल. कलमच खुंटावर उठतं. मज्जेत रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही असतात. त्या दुसऱ्याच्या घरून आलेल्या, इथली माणसं त्यांच्या ओळखीची नाहीत. त्या रोग्याच्या कातडीला, आतड्याला, काळजाला शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडतात. (काळीज म्हणजे इथं लिव्हर, यकृत. आपण हृदयालाही काळीज म्हणतो म्हणून सांगितलं.) या आजाराला डॉक्टर ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज म्हणतात, थोडक्यात जीव्हीएचडी. पन्नासच्या दशकात उंदरांवर प्रयोग करताना तो पहिल्यांदा नीट दिसला. मज्जा लागायची, रक्त सुधारायचं आणि तरी उंदीर वाळून, हगवण लागून मरायचे.

यावर पहिला उपाय म्हणजे जुळणी. फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी 1958 साली पांढऱ्या पेशींवरच्या खुणा शोधल्या. त्यांना एचएलए म्हणतात. मुलाला अर्ध्या खुणा आईकडून मिळतात, अर्ध्या बापाकडून. म्हणून सख्ख्या भावंडाची पूर्ण जुळणी व्हायची शक्यता चारात एक. घरात भावंडं जास्त असली तर कुणीतरी जुळायची आशा वाढते. लहान कुटुंबाचा हा एक तोटा कुणी बोलून दाखवत नाही, पण रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या आईबापांना तो कळतो. घरात कुणी जुळलं नाही तर दात्यांच्या नोंदवह्या असतात. आपल्या देशात 2009 पासून दात्री ही संस्था असं काम करते. गालाच्या आतून कापसाच्या काडीनं लाळ घेतात आणि नाव नोंदतात. अलीकडे अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होतं, म्हणजे आई किंवा बापसुद्धा देऊ शकतो. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी त्याची रीत बसवली आणि आपल्याकडेही ती रुळली आहे.

दुसरा उपाय औषधांचा. इथं दोन गोष्टी आम्हाला फार आवडल्या. मेथोट्रेक्सेट नावाचं औषध नव्या पेशींचा जोर कमी करायला देतात. या औषधाच्या घराण्याचा शोध ज्या कामातून लागला, त्यात आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. परदेशात राबले, पण नाव फारसं झालं नाही. दुसरं औषध सायक्लोस्पोरिन, ते मातीतल्या बुरशीपासून निघालं. स्वित्झर्लंडच्या औषध कंपनीचा एक माणूस 1969 साली नॉर्वेला सुट्टीवर गेला आणि तिथल्या पठारावरची माती पिशवीत घालून घेऊन आला. 1972 मध्ये कळलं की या बुरशीचा अर्क पांढऱ्या पेशींना आवर घालतो. पुढं ही दोन्ही औषधं मिळून द्यायला लागले आणि जीव्हीएचडीचं प्रमाण उतरलं.

तरीही तो आजार संपला नाही. संपवावा तितका चांगलाही नाही, हे 1979 च्या सुमारास सिएटलच्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं. ज्यांना थोडा जीव्हीएचडी झाला, त्यांचा रक्ताचा कर्करोग कमी वेळा उलटला. त्याच पेशी उरलेल्या कर्करोगालाही खात होत्या. म्हणजे त्यांना पार मारून चालत नाही, लगाम धरून चालवावं लागतं. लगाम ढिला झाला की रोगी जातो, आवळला की जंतुसंसर्ग होतो किंवा मूळ आजार परततो. आमच्या मते या आजाराला एक डॉक्टर का पुरत नाही, याचं खरं उत्तर इथंच आहे. रोज थोडं इकडं, थोडं तिकडं करावं लागतं आणि कुठं काय बिघडतंय हे दहा डोळ्यांनी बघावं लागतं.

हे ओळखलं थॉमस यांनीच. 1963 पासून ते सिएटलला होते. त्यांची पत्नी डॉटी प्रयोगशाळेचं काम शिकलेल्या होत्या. रक्ताच्या काचा बघण्यापासून लेख तपासण्यापर्यंत आणि पैशाचे अर्ज लिहिण्यापर्यंत सगळीकडे त्या होत्या. लोक त्यांना मज्जा प्रत्यारोपणाची आई म्हणायचे. शंभर रोग्यांचा त्यांचा अहवाल 1977 साली आला. बाकी सगळे उपाय थकलेल्या त्या शंभरांतले तेरा जण आजारमुक्त जगले होते. तेरा म्हणजे थोडेच वाटतात, पण आधी एकही जगत नव्हता. 1990 साली थॉमस यांना नोबेल मिळालं. नर्सेस, तंत्रज्ञ, रक्तपेढी, सगळ्यांची मिळून ही कमाई आहे, हे ते स्वतः सांगत. नोबेल मात्र जोडीला देता आलं असतं, असं आम्हाला राहून राहून वाटतं.

आता मुंबई. डॉक्टर सुरेश अडवाणी यांना लहानपणी पोलिओ झाला आणि तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीवर. अपंग म्हणून त्यांना वैद्यकीय कॉलेजात घ्यायला आधी नकार दिला होता, ते मागं लागले आणि प्रवेश मिळवला. पुढं सिएटलला थॉमस यांच्याकडे जाऊन शिकून आले. 20 मार्च 1983 रोजी टाटा रुग्णालयात त्यांनी नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातलं हे पहिलं मज्जा प्रत्यारोपण. मुलीसाठी भावाची मज्जा आणि तीही 1983 मध्ये! ही मुलगी जगली आणि मोठी झाली. 2007 मध्ये टाटाचा हा विभाग नवी मुंबईत खारघरला, ॲक्ट्रेक नावाच्या त्यांच्याच केंद्रात गेला. मुंबईत आता बोरिवलीला महापालिकेचं थॅलेसेमियाच्या लेकरांसाठी केंद्र आहे, तिथंही प्रत्यारोपण होतं.

प्रत्यारोपण म्हटलं की बायांना कापाकापी वाटते. तसं नसतं. दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईनं मज्जा काढतात, किंवा काही दिवस इंजेक्शनं देऊन हाताच्या शिरेतून मशिनवर मूळपेशी वेगळ्या करतात. रोग्याला आधी जबर केमो देतात आणि मग ती पिशवी सलाइनसारखी लावतात. बस. देणाऱ्याची मज्जा काही आठवड्यांत भरून येते. "बहिणीनं दिलं तं तिले लेकरू होईन काय?" हा प्रश्न आम्हाला दोनदा विचारला गेला. होईल. त्याचा काही संबंध नाही.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती डॉक्टर दाता निवडताना बघतात. लेकरं झालेल्या बाईची मज्जा पुरुषाला दिली तर जुनाट जीव्हीएचडीचा धोका थोडा वाढतो. बाळंतपणात लेकराच्या पेशींशी तिच्या पेशींची ओळख झालेली असते, पोराला जन्म दिलेल्या बाईच्या पेशी पुरुषाच्या खुणा लवकर टिपतात. म्हणून दोन दाते जुळत असतील तर डॉक्टर भावाला पुढं करतील. बहिणीला बाजूला सारलं म्हणून वाईट वाटून घेऊ नये. आणि तीच एक जुळत असेल, तर तिचीच घेतात.

पहिल्या शंभर दिवसांत साधारण जो होतो, त्याला तीव्र म्हणायची जुनी रीत आहे. तळहात, तळपायावर पुरळ, पाण्यासारखे जुलाब, डोळे पिवळे. 1974 साली सिएटलच्याच मंडळींनी त्याच्या चार पायऱ्या ठरवल्या, म्हणजे सगळ्या डॉक्टरांनी एकाच मापानं मोजावं. नंतरचा तो जुनाट. प्रत्यारोपणातून वाचलेल्या तिघांतल्या एकापासून निम्म्यांपर्यंत लोकांना तो गाठतो आणि वर्षानुवर्षं राहू शकतो. 2005 साली अमेरिकेत जाणकारांनी बसून जुनाट आजारासाठी आठ जागा ठरवल्या: कातडी, तोंड, डोळे, पोट-आतडी, यकृत, फुप्फुसं, सांधे आणि जननेंद्रियं. प्रत्येकीला शून्यापासून तीनपर्यंत गुण. आपल्या गटाची प्रतवारी करतात तसंच जवळपास, फक्त इथं गुण जास्त पडले तर वाईट.

आठ जागा म्हणजे आठ तऱ्हेची माणसं लागतात. कातडी ताठरली तर त्वचेचा डॉक्टर आणि हातपाय आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपीची ताई. डोळ्यांतलं पाणी आटलं, वाळू गेल्यासारखं टोचतं, तर डोळ्याचा डॉक्टर. तोंड कोरडं पडून तिखट लागेनासं झालं तर दातांचा डॉक्टर. वऱ्हाडी माणसाला तिखट सोडायला सांगणं म्हणजे आहारतज्ज्ञाची परीक्षाच. फुप्फुसाची फुंकर मोजणारा वेगळा. औषधं एकमेकांशी भांडू नयेत म्हणून औषधांचा जाणकार. जीव्हीएचडीवर मुख्य औषध स्टेरॉइड. त्यानं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजतं, मन उदास होतं, म्हणून समुपदेशक. या सगळ्यांचं एकमेकांना कळवणारी नर्स. चांगल्या केंद्रात ही मंडळी एका टेबलावर बसून एकेका रोग्याचं बोलतात. तसं नसेल तर रोगी आठ दारांत आठ चिठ्ठ्या घेऊन फिरतो आणि एकाचं औषध दुसऱ्याला माहीत नसतं.

आठव्या जागेबद्दल थोडं मोकळं बोलू, कारण दुसरं कुणी बोलणार नाही. या आजारात बाईची खालची जागा कोरडी पडते, चिरते, कधी वाट आखडते. शिवाय जबर केमोमुळं कमी वयात पाळी जाऊ शकते. बाई पोट बिघडल्याचं सांगेल, डोळ्यांचं सांगेल, हे सांगणार नाही. नवऱ्यासमोर तर नाहीच, पुरुष डॉक्टरांसमोरही नाही. लवकर कळलं तर मलम आणि साध्या उपायांनी आटोक्यात येतं, उशीर झाला तर शस्त्रक्रियेपर्यंत जातं. म्हणून त्या आठांच्या यादीत ही जागा आली हे आम्हाला मोठं वाटतं आणि स्त्रीरोगतज्ज्ञ त्या टेबलावर असायलाच हवा. आपल्या ओळखीत कुणी असेल तर तिला एवढंच सांगा, नर्सताईला एकटीत गाठ आणि बोल.

आता टेबलावर कोण नसतं ते सांगतो. तिवसा नसतं. खारघरहून रोगी घरी येतो तो रात्रभर गाडीत बसून. तिथं असेपर्यंत निदान राहायला जागा मिळते, आणि त्यात आपल्या जिल्ह्याचा हात आहे. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर गरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा आज टाटाच्या रोग्यांना आसरा देते. परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, लेकरांसाठी सेंट ज्यूड आहे. स्वच्छ खोली, जवळ रुग्णालय आणि स्वयंपाकघर हीसुद्धा उपचारांची एक बाजूच आहे. आपल्याच तालुक्यातल्या मोझरीत तुकडोजी महाराज 1968 साली कर्करोगानं गेले. तेव्हा आणि आता यांत औषधांचा फरक खूप पडला, अंतराचा थोडाच.

घरी आल्यावर टेबलावरची ती सगळी माणसं मिळून एकच होते, बहुतेक वेळा आई किंवा बायको. आमच्या प्रभागात अशी एक माय आहे, नाव सांगत नाही. ती रोज सकाळी लेकाचे तळहात खिडकीशी नेऊन बघते, जीभ बघते, शौचाला किती वेळा गेला ते कॅलेंडरवर रेघा मारून ठेवते. वाचता फारसं येत नाही, पण फोनवरून सांगितलेल्या तिच्या रेघांवरून मुंबईच्या नर्सनं दोनदा औषध बदललं. गावच्या लोकांनी तिला "लयच जपते पोराले" म्हणून नावं ठेवली. पहिल्या वर्षी ती शेण-सारवण, गोठा, कुटार यांपासून त्याला लांब ठेवायची, तर सासरचे म्हणायचे आपल्यालाच बाटवलं. मातीत, शेणात, भुसकटात बुरशी असते आणि लगाम घातलेल्या पेशी बुरशीशी लढू शकत नाहीत. ऊनही वाईट. उन्हानं कातडीचा जीव्हीएचडी भडकतो आणि आपला मे महिना तर तुम्हाला माहीत आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला दुपट्टा, दुपारी घरात.

अशा घरासाठी गाव काय करू शकतं, त्यातलं काही आमच्या ग्रामसंघानं केलं आहे. गटातून प्रवासासाठी कमी व्याजाचं कर्ज दिलं, हप्ता संत्र्याच्या हंगामापर्यंत थांबवला. आशाताईंना एक गोष्ट समजावून घ्यावी लागली. प्रत्यारोपणानंतर जुन्या लसींचं बळ ओसरतं, लेकराचं लसीकरण पुन्हा करावं लागतं आणि गोवरासारख्या जिवंत लसी तर साधारण दोन वर्षं देता येत नाहीत, तेही केंद्रातल्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. जुनं कार्ड भरलेलं दिसलं म्हणून "याचं झालं" असं लिहून मोकळं होऊ नये.

आणि रक्ताचं. आपल्याकडे कुणाला रक्त लागलं की भाऊ-भाचे धावत जातात, त्यात माया असते. पण ज्याचं मज्जा प्रत्यारोपण व्हायचं आहे, त्याला घरच्यांचं रक्त देऊ नये. त्यानं शरीर आधीच घरच्या खुणांवर चिडून बसतं आणि नंतर त्यांचीच मज्जा नाकारू शकतं. प्रत्यारोपण झालेल्याला द्यायचं रक्तही किरण देऊन, त्यातल्या लढाऊ पेशी निकामी करून द्यावं लागतं, नाहीतर बाटलीतल्या पेशींमुळंही जीव्हीएचडी होतो. तालुक्याला अशा रोग्याला रक्त चढवायची वेळ आली तर आधी मोठ्या केंद्राला फोन करायचा आणि हे विचारून घ्यायचं. घरच्यांनी रक्त द्यायचंच असेल तर शिबिरात द्यावं, दुसऱ्या कुणाच्या लेकराला लागेल.

त्या मायला आम्ही आठ रकान्यांची एक वही आखून दिली आहे, वर शब्दांऐवजी चित्रं काढलेली: हात, जीभ, डोळा, पोट. आठव्या रकान्यावर काय चित्र काढावं यावर बैठकीत बराच हशा झाला. शेवटी एका म्हाताऱ्या आजीनं जास्वंदाचं फूल काढा म्हटलं, तेच काढलं. वहीच्या छापील प्रती ग्रामसंघाच्या कपाटात आहेत, कुणाला लागली तर सहयोगिनीकडे मागा.